चौदावरून पाच

हँगरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी तिथे असणारी दोन छोटी विमानं ढकलून बाहेर उन्हात नेली होती. तिसरं मधोमध ठेवलं होतं आणि त्याच्याभोवती दीडएकशे माणसं टाचा उंचावून उभी होती. वैमानिक, त्यांच्या घरची माणसं, शिकाऊ मंडळी, पेट्रोल भरणारे, धावपट्टीवरचं गवत कापणारे. विमानाच्या उघड्या दाराशी वायुबाबा उभे होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, पांढरी दाढी, आणि पायांत मात्र वैमानिकांसारखे चकचकीत काळे बूट.

"आता विमानालाच विचारू," ते म्हणाले. "विमान खोटं बोलत नाही. त्याला तोंडच नाही."

लोक हसले. बाबांनी उजवा हात आत घातला आणि काचेजवळच्या होकायंत्रासमोर धरला.

"काय रे, कवच घेणार का?"

होकायंत्राची चकती थरथरली. मग हळूच डावीकडे वळली, थांबली आणि परत उजवीकडे आली. दारातून डोकावणाऱ्या चार जणांनी ते पाहिलं आणि मागच्यांना सांगितलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना सांगितलं. शेवटच्या रांगेपर्यंत बातमी पोचली तेव्हा विमानाने मान डोलावली होती, आणि पंख हलले की नाही यावर दोघांचा वाद सुरू झाला होता.

"लहरी जुळल्या," बाबा म्हणाले. "आकाशाच्या लहरी वरून येतात, जमिनीच्या खालून येतात. मध्ये माणूस सापडतो. कवच त्या दोघींची गाठ घालून देतं. हे शास्त्र आहे."

कोणतं शास्त्र, ते कोणी विचारलं नाही. कवच म्हणजे तांब्याची गोल चकती, पेढ्याएवढी. वैमानिकांनी ती जाकिटाच्या आतल्या खिशात शिवून घ्यायची.

बाबांच्या मागे पांढरा फळा होता. त्यावर हातभर उंचीचे दोनच आकडे लिहिले होते. चौदा, मग खाली उतरणारा बाण, आणि पाच.

"कवच येण्याआधीचं वर्ष. पाच धावपट्ट्या, चौदा अपघात. कवच आल्यानंतरचं वर्ष. त्याच पाच धावपट्ट्या, पाच अपघात. आम्ही सांगतो म्हणून मानू नका. सरकारी अहवाल उघडून बघा."

तो अहवाल मी तयार करते.

खाजगी छोट्या विमानांच्या अपघातांची नोंद ठेवणारं एक कार्यालय आहे. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर, लोखंडी कपाटांच्या मागे, मी एकोणीस वर्षं बसते आहे. विभागात बारा छोटे विमानतळ आहेत. कोणाचं चाक फुटलं, कोणाचं विमान धावपट्टी सोडून शेतात गेलं, कोण वरून खाली आलं, हे सगळं माझ्याकडे कागदावर येतं. मी ते रकान्यांत भरते आणि वर्षाच्या शेवटी बेरीज करते. कचेरीत मला आकडेबाई म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही.

त्या वर्षी तर कशाचंच काही वाटत नव्हतं. फळ्यावरच्या पाच अपघातांपैकी एक माझ्या दादाचा होता.

दादा याच विमानतळावर बावीस वर्षं उड्डाण शिकवत होता. एका सकाळी तो दोन आसनांचं विमान घेऊन एकटाच निघाला. तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं. कागद माझ्या टेबलावर आला तेव्हा नोंद मीच केली. विमानाचा प्रकार, तारीख, जीवितहानी एक. अक्षर नेहमीसारखंच आलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "अगं, निदान हे तरी दुसऱ्या कोणाला भरू दे." मी म्हणाले, "झालं भरून." आणि पुढचा कागद घेतला.

हँगरमध्ये मी आपणहून आले नव्हते. वहिनीने आणलं होतं. ती माझ्या शेजारी उभी होती आणि फळ्याकडे बघत होती.

"हे पाच तरी का झाले, असं लोक आम्हाला विचारतात," बाबा म्हणत होते. "बरोबर विचारतात. पाचांपैकी एकाच्याही अंगावर त्या वेळी कवच नव्हतं. एकाने विकलं. एकाने मित्राला दिलं. एकाचा विश्वास डळमळला. कवच अंगावर असून पडला असा एक माणूस आणा, आम्ही ही दाढी उतरवतो."

पडलेल्यांच्या खिशात काय होतं याची नोंद आमच्या कोणत्याही रकान्यात नाही, त्यामुळे दाढीला धोका नव्हता. मी हे वहिनीला सांगणार होते, पण ती माझ्या शेजारी नव्हती. ती गर्दीतून पुढे जाऊन बाबांसमोर उभी होती.

"माझ्या नवऱ्याचं कवच मी काढलं होतं," ती म्हणाली. "जाकीट धुवायचं होतं म्हणून टाके उसवले. परत शिवायचं राहिलं. धावपट्टीवरून त्यांचा फोन आला होता, कवच घरी राहिलं म्हणून. मी म्हटलं, आल्यावर शिवते."

आठ महिने आम्ही दोघी एका घरात राहत होतो आणि हे तिने मला सांगितलं नव्हतं.

बाबांनी डोळे मिटले. त्यांना काय हाती लागलंय हे त्यांना लगेच कळलं असावं.

"मुली," ते म्हणाले, "तू जाणूनबुजून केलं नाहीस. पण झालं ते झालं. एक वर्ष सेवा कर. सगळी कवचं तुझ्या हाताने पुसून जाऊ देत. आणि पुढच्या महिन्यात उड्डाण मंडळाची वार्षिक सभा आहे, तिथे बाराही विमानतळांच्या लोकांसमोर हे बोल. बोललीस की ओझं उतरेल."

वहिनीने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, भीती नव्हती. किराणामालाची यादी हातात घेतल्यासारखी तिने ती शिक्षा घेतली.

मी बाहेर आले. हँगरच्या सावलीत मिस्त्री तेलाच्या रिकाम्या पिंपावर बसले होते. दादाच्या विमानांची देखभाल तेच करत.

"मिस्त्री, तुम्ही आत नाही गेलात?"

"आत काय बघायचं, ताई? शनिवारी त्यांचं विमान मान डोलावतं आणि सोमवारी मला ते होकायंत्र परत जुळवावं लागतं." ते हात पुसत म्हणाले. "त्यांच्या उजव्या हातात जाडजूड अंगठी आहे ना, तिच्यात लोहचुंबक असणार. मी मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही आपलं नटबोल्टांचं बघा."

मग त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे काचेच्या आठ-दहा शिश्या ओळीने मांडल्या होत्या. उडण्याआधी पंखाखालच्या तोटीतून थोडं पेट्रोल शिशीत काढायचं आणि उजेडात धरून बघायचं, तळाशी पाणी दिसतंय का ते.

"पूर्वी महिन्याला दोन शिश्या फुटायच्या, हाताळून हाताळून. कवचं आल्यापासून एक फुटलेली नाही. पोरं खिशावर हात ठेवतात आणि चढतात."

दादाच्या विमानाचा तपास पूर्ण होऊन अहवाल माझ्या कपाटात सात महिने पडून होता. त्यात काय लिहिलं आहे ते मला पाठ होतं.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या हातात उड्डाण मंडळाच्या अध्यक्षांचं पत्र होतं. वार्षिक सभेत बाराही विमानतळांवर कवच सक्तीचं करायचा ठराव येणार होता. उड्डाणापूर्वी एका मिस्त्रीने प्रत्येक विमान तपासायचं, अशी आमच्या कार्यालयाने सुचवलेली योजना त्याच ठरावाने मागे पडणार होती. दोन्ही कशाला हवं, असं अध्यक्षांचं म्हणणं होतं. आणि आकडे कार्यालयाच्याच माणसाने वाचून दाखवावेत अशी विनंती होती.

"म्हणजे तुम्ही," साहेब म्हणाले. "वाचा आणि खाली बसा. आकडे काही खोटे नाहीत ना?"

"नाहीत. आपलेच आहेत."

"मग झालं तर."

"साहेब, ते पाच विमानतळांचे आहेत. आपल्याकडे बारा आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. मी बाराही विमानतळांचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. तो मी आदल्या दिवशी, रविवारी, रिकाम्या कचेरीत बसून केला होता. काही सिद्ध करायची जिद्द नव्हती. घरी वहिनी मऊ फडक्याने चकत्या पुसत बसली होती आणि मला ते बघवत नव्हतं, एवढंच.

"आधीच्या वर्षी बाबांच्या पाच विमानतळांवर चौदा अपघात झाले. बाकीच्या सातांवर तीन. एकूण सतरा," मी म्हणाले. "पुढच्या वर्षी बाबांच्या पाचांवर पाच. आणि बाकीच्या सातांवर अकरा."

साहेबांनी बोटांवर बेरीज केली. "सोळा."

"सतरावरून सोळा. गेली दहा वर्षं पंधरा ते एकोणीसच्या मध्येच चाललंय. काहीही बदललेलं नाही."

"पण पाचांवर कमी झाले की."

"होणारच होते. बाबा कुठे गेले? जिथे वर्ष वाईट गेलं होतं तिथे. लोक घाबरलेले होते, तिथेच त्यांना बोलावलं. एका विमानतळावर सरासरी वर्षाला एक-दोन अपघात होतात. एखाद्या वर्षी योगायोगाने चार झाले, तर पुढच्या वर्षी परत एक-दोनच होणार. कवच दिलं तरी, नाही दिलं तरी. ज्या सातांवर आधीचं वर्ष योगायोगाने चांगलं गेलं होतं, त्यांचे वाढले. तिथे कोणी फळा लावला नाही."

"आणि बाबांच्या पाचांतल्या या एका ठिकाणी तर शून्य आहे."

"तिथे धावपट्टीचं काम चालू होतं. आठ महिने एकही विमान उडालं नाही."

साहेबांनी तक्त्यावरून परत एकदा बोट फिरवलं. "हे बरोबर आहे," शेवटी म्हणाले. "पण सभेत कोणी ऐकणार नाही. सरासरी म्हटलं की लोक घड्याळ बघतात."

"ऐकायला नको. त्यांच्याकडून करून घेते," मी म्हणाले, आणि त्यांच्या टेबलावरचा कागदांच्या क्लिपांचा डबा मागून घेतला. क्लिपाच का, ते मी साहेबांना सांगितलं नाही.

आकड्यांचं काम सोपं होतं. घरचं अवघड होतं.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मी कचेरीतून लवकर निघाले. वहिनी जेवणाच्या टेबलाशी बसली होती. समोर दोन थाळे, एकात न पुसलेल्या चकत्या, दुसऱ्यात पुसलेल्या. बोटांची टोकं हिरवट काळी झाली होती.

"छोटे, आज लवकर?" तिने विचारलं. मी पंचेचाळीस वर्षांची आहे, पण दादा म्हणायचा म्हणून तीही छोटीच म्हणते.

मी तपासाचा अहवाल टेबलावर ठेवला. "वहिनी, तुला एक वाचून दाखवायचंय."

"दाखव."

मी नववं पान काढलं आणि रकाने भरताना मनात वाचते त्याच आवाजात वाचलं. विमान तीन दिवस पावसात उघड्यावर उभं होतं. टाकीच्या झाकणाचं रबर जुनं होऊन चिरलं होतं. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीतल्या गाळणीत आणि तिच्या पुढच्या भांड्यात पाणी सापडलं. उड्डाणापूर्वी इंधनाचा नमुना काढून पाहिला गेला नव्हता. धावपट्टीवरच्या दोन कामगारांनी तसं सांगितलं होतं.

वहिनीचं फडकं थांबलं. "म्हणजे काय?"

"पेट्रोलमध्ये पाणी होतं. इंजिन पाण्याने बंद पडलं. दादाने शिशी लावून बघितलं असतं तर दिसलं असतं."

"ते तर रोज बघायचे. दुसऱ्यांना ओरडायचे त्यावरून."

"त्या दिवशी नाही बघितलं. पलीकडच्या विमानतळावर विद्यार्थी थांबले होते. उशीर झाला होता."

"कवच नाही म्हणून गडबडले असतील," ती हळू म्हणाली. "मी फोनवर नीट बोलले असते तर."

"वहिनी, फोन आला तेव्हा दादा चढून बसला होता. दोन्ही कामगारांनी वेळ सांगितलीय. त्याआधीच बघायचं राहून गेलं होतं. कवच खिशात असतं तरी पाणी टाकीतच असतं."

ती नवव्या पानाकडे बघत होती. तिला वाचता येत होतं, पण ती वाचत नव्हती.

"म्हणजे चूक त्यांची," ती म्हणाली.

"हो."

"माझी नाही."

"नाही."

"हे तुला केव्हापासून माहीत आहे?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं.

"सात महिने."

"सात महिने," ती म्हणाली.

"मला वाटलं, तो गेलाय, निदान त्याच्या नावाला काही लागू नये. बावीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना शिकवलं, तो त्याच गोष्टीने गेला, हे तुला कसं सांगू? आणि तू स्वतःला दोष देतेयस हे मला त्या दिवशी हँगरमध्ये कळेपर्यंत माहीत नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं."

"तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने अहवाल बंद करून माझ्याकडे सरकवला आणि पुढची चकती उचलली. थाळ्यात अजून चाळीसएक उरल्या होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. परत आले तेव्हा ती तशीच पुसत होती. उद्याच्या सभेत ती काय बोलणार, हे मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मी गमावला होता असं मला वाटलं.

सभा एका शाळेच्या सभागृहात होती. दोनशे खुर्च्या भरल्या होत्या. व्यासपीठावर अध्यक्ष, वायुबाबा, आमचे साहेब, आणि टोकाच्या खुर्चीवर वहिनी, मांडीवर चकत्यांचा थाळा घेऊन. ती माझ्याकडे बघत नव्हती.

अध्यक्षांनी प्रस्तावना केली आणि मला आकडे वाचायला सांगितलं. मी ध्वनिक्षेपकापुढे गेले.

"आकडे नंतर वाचते," मी म्हणाले. "आधी सगळ्यांनी खिशातून एकेक नाणं काढा."

थोडी कुजबुज झाली, पण वैमानिक माणसं शिस्तीची असतात. नाणी निघाली.

"नाणं सहा वेळा उडवा. काटा पडला तर अपघात झाला असं धरा. किती अपघात झाले ते लक्षात ठेवा."

दोन मिनिटं सभागृहात नाण्यांची किणकिण चालली. खुर्च्यांखाली नाणी शोधली गेली.

"पाच किंवा सहा अपघात झालेत त्यांनी उभं राहा."

तेवीस जण उभे राहिले. त्यांत एक सहाचा तरुण होता. त्याच्या शेजारच्याने त्याच्यापासून खुर्ची जरा लांब सरकवली.

"तुमचं वर्ष फार वाईट गेलं," मी म्हणाले. "तुम्हाला संरक्षणाची गरज आहे." मी डबा फिरवला आणि प्रत्येकाला एक क्लिप दिली. "हे आमच्या कार्यालयाचं कवच. मुठीत धरा. लहरी जुळल्या की परत सहा वेळा नाणं उडवा."

आता सगळे माना वळवून बघत होते. तेविसांनी नाणी उडवली. एकवीस जणांचे अपघात आधीपेक्षा कमी झाले. दोघांचे तेवढेच राहिले. सहाच्या तरुणाला दोनच काटे पडले.

"एकवीस जण वाचले," मी म्हणाले. "राहिलेल्या दोघांनी क्लिप नीट धरली नसेल. त्यांचा विश्वास डळमळला असेल."

पहिल्यांदा हसले ते मागच्या रांगेतले लोक. मग हसू पुढे आलं.

"क्लिपमध्ये काही नव्हतं. वाईट निघालेली माणसं निवडली, एवढीच युक्ती. जी निवडली नाहीत त्यांना आता नाणी उडवायला सांगितली, तर त्यांच्यातही पाच-सहावाले निघतील. पण त्यांच्याकडे कोणी बघत नसतं." मग मी तक्ता वाचला. चौदा आणि तीन, पाच आणि अकरा, सतरा आणि सोळा. बंद धावपट्टीचं शून्यही सांगितलं. या वेळी कोणी घड्याळ बघितलं नाही.

बाबा उठले. "क्लिपांचे खेळ," ते म्हणाले. "कागद जोडायची तार आणि पवित्र धातू यांतला फरक ज्यांना कळत नाही—"

"तुम्हीच बघा ना फरक," मी म्हणाले आणि डबा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो उजव्या हाताने बाजूला सारला. हात मागे गेला तेव्हा अंगठीला सात-आठ क्लिपा लोंबत होत्या. त्यांनी हात झटकला. दोन पडल्या, बाकीच्या तशाच राहिल्या.

तिसऱ्या रांगेतून मिस्त्री शांतपणे म्हणाले, "होकायंत्रही असंच मान डोलावतं."

आता सभागृह खदखदून हसलं. मी हसले नाही. मला दिसत होतं की उद्या लोक अंगठीची गोष्ट सांगतील. बारा विमानतळांचा तक्ता कोणी सांगणार नाही. अंगठी नसलेला बाबा पुढच्या वर्षी आला तर?

बाबा मात्र मुरलेले होते. त्यांनी हात सदऱ्यात घातला आणि हसू ओसरू दिलं.

"हसा," ते म्हणाले. "कागद हसवतात, कागद रडवत नाहीत. पण या बाईंचं आयुष्य कागद नाही. तुमच्यातल्याच एका शिक्षकाची ही पत्नी. मुली, सांग यांना. त्या दिवशी काय झालं?"

हसू बंद झालं. त्या सभेतले निम्मे लोक दादाकडे शिकले होते. वहिनी उठली. थाळा तिने खुर्चीवर ठेवला आणि ध्वनिक्षेपकापुढे आली. माझ्या बाजूने जाताना तिने मला जरा बाजूला हो अशी खूण केली.

"त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या खिशात कवच नव्हतं," ती म्हणाली. "मी काढलं होतं. आठ महिने मला वाटत होतं की त्यांना मी मारलं. कवच नसलं की माणूस पडतो, हे मला या महाराजांनी सांगितलं. हँगरमध्ये मी ते बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही, उलट मला रोज बसवून कवचं पुसायला लावली."

बाबा काही बोलायला गेले. साहेबांनी त्यांच्या दंडाला हात लावला आणि ते खाली बसले.

"काल मला कळलं, विमान पाण्याने पडलं. टाकीत पावसाचं पाणी गेलं होतं. माझ्या नवऱ्याने शिशी लावून बघितलं नाही. रोज बघायचे. त्या दिवशी उशीर झाला होता, नाही बघितलं." ती थांबली. तिचा आवाज सपाट होता, मी वाचते तसाच. "ते चांगले शिक्षक होते. तुम्हाला माहीत आहे. चांगला शिक्षकही एक दिवस विसरतो. म्हणून दुसऱ्या माणसाने तपासायला हवं. मिस्त्रीने तपासायची योजना ठेवा. मला एवढंच सांगायचं होतं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या एका वैमानिकाने जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला, टाके तोडले आणि चकती जमिनीवर ठेवली. आणखी काहींनी तसंच केलं. सगळ्यांनी नाही. कवचसक्तीचा ठराव मताला आलाच नाही. तपासणीची योजना थोड्या मतांनी मंजूर झाली. बाबा कोणत्या दाराने गेले ते मी बघितलं नाही. तीन विमानतळांवर त्यांच्या चकत्या अजून विकल्या जातात असं ऐकते.

वहिनी माझ्याशी पंधरा दिवस कामापुरतंच बोलली. एका सकाळी तिने नववं पान मागून घेतलं आणि स्वतः वाचलं. नंतर म्हणाली, "यापुढे असं काही आलं तर त्याच दिवशी सांगायचं." मी हो म्हटलं.

त्या वर्षीच्या अहवालात मी पहिल्यांदाच रकान्यांखाली चार ओळी लिहिल्या. साहेबांनी त्या तशाच छापल्या. अहवाल फार लोक वाचत नाहीत, म्हणून इथेही लिहिते. कोणी तुम्हाला कमी झालेला आकडा दाखवला, तर न दाखवलेले आकडे मागा. बाकीच्या ठिकाणी काय झालं ते विचारा, आधीची दहा वर्षं कशी गेली ते विचारा, किती विमानं मुळात उडाली ते विचारा. विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही. आणि जो माणूस तुमच्या घरातल्या मृत्यूचा दोष तुमच्यावर टाकून वर उपायही सांगतो, त्याला दारातून परत पाठवा.

दादाच्या टाकीत पाणी होतं. ते बघायला एक शिशी लागते, उजेड लागतो आणि एक मिनिट लागतं.